श्रीनिवास रामानुजन : पाटीवरचे गणित

तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले देवळांचे जुने गाव आहे. दर बारा वर्षांनी येथील महामहम तलावावर स्नानासाठी लाखो यात्रेकरू जमतात. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही. जवळच्या तंजावरास व्यंकोजीराजे भोसले यांच्या वंशाची गादी १८५५ पर्यंत होती आणि पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमातीलच एका मराठी घराण्यात झाला. १८५४ मध्ये येथे सरकारी महाविद्यालय निघाले आणि त्याच्या लौकिकामुळे या गावाला दक्षिणेचे केंब्रिज म्हटले जाऊ लागले. खऱ्या केंब्रिजला ज्याने थक्क करून सोडले, तो मुलगा याच गावात सारंगपाणी देवळासमोरच्या रस्त्यावरील एका लहानशा घरात वाढला. गावातल्या महाविद्यालयात मात्र तो नापास झाला.

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे आजोळी झाला. वडील के. श्रीनिवास अय्यंगार हे कुंभकोणमातील एका कापडाच्या दुकानात कारकून होते. आई कोमलताम्माळ देवळात भजने गात असे. मिळकत तुटपुंजी होती आणि तिला थोडा हातभार लागावा म्हणून घरात विद्यार्थी ठेवले जात. दोन वर्षांचा असताना रामानुजनला देवी आल्या. त्यातून तो वाचला, पण चेहऱ्यावरचे व्रण जन्मभर राहिले. नोव्हेंबर १८९७ मध्ये प्राथमिक परीक्षेत तो जिल्ह्यात पहिला आला आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी टाऊन हायस्कुलात दाखल झाला.

त्याच्या शाळकरी वयातील एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. कोणत्याही संख्येला त्याच संख्येने भागले तर उत्तर एक येते, असे शिक्षक वर्गात समजावीत होते. तीन केळी तीन मुलांत वाटली तर प्रत्येकाला एक मिळते, हे सर्वांना पटले. तेव्हा या मुलाने विचारले, की शून्याला शून्याने भागले तरीही उत्तर एकच येईल का? केळीच नाहीत आणि खाणारेही नाहीत, मग प्रत्येकाच्या वाट्याला एक केळे कोठून येणार? बीजगणित शिकणाऱ्या प्रत्येकाने ही शंका एकदा तरी मनाशी घोळवावी, कारण समीकरणाच्या दोन्ही बाजूंना नकळत शून्याने भागल्यामुळे झालेल्या चुका वहीत शोधूनही सापडत नाहीत.

शाळेत बीजगणिताची सुरुवात सगळीकडे सारखीच होते. ५(क्ष + ३) = ३५ असे रेषीय समीकरण दिलेले असते. कंसाबाहेरचा पाच कंसातील प्रत्येक पदाला गुणतो, ५क्ष + १५ = ३५ असे रूप मिळते आणि क्ष ची किंमत ४ निघते. बाहेरचा गुणक आतल्या सर्वांना सारखा वाटून द्यायचा, म्हणून या नियमाला वितरण गुणधर्म म्हणतात. बहुतेक विद्यार्थी तो पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. रामानुजनसाठी मात्र ते खेळणे होते, आणि ते दोन्ही बाजूंनी फिरवता येते हे त्याने फार लवकर ओळखले. कंस सोडवता येतो, तसाच सामाईक अवयव बाहेर काढून तो पुन्हा बांधताही येतो.

वरच्या वर्गातील एका मुलाने त्याची परीक्षा पाहण्यासाठी एकदा एक जोडसमीकरण पुढे टाकले: √क्ष + य = ७ आणि क्ष + √य = ११. अर्ध्या मिनिटाच्या आत रामानुजनने उत्तर दिले, असे सांगतात. क्ष नऊ आणि य चार. हे उत्तर त्याने नेमके कसे काढले ते कोणी लिहून ठेवलेले नाही. परंतु वाट कशी असू शकते हे पाहण्यासारखे आहे. √क्ष ला म आणि √य ला न म्हटले तर म + न² = ७ आणि म² + न = ११ अशी समीकरणे होतात. दुसऱ्यातून पहिले वजा केले की म² − न² − म + न = ४ उरते. येथे कंस बांधायचा: (म − न)(म + न − १) = ४. आता उत्तरे पूर्णांकांत असतील असे धरून चालले, तर पहिला कंस १ आणि दुसरा ४ घेऊन पाहावा; म − न = १ आणि म + न = ५ अशी दोन साधी रेषीय समीकरणे हाती येतात. त्यांतून म ची किंमत ३ आणि न ची २ मिळते. वर्गमुळांच्या गुंत्यात अडकलेला प्रश्न एका कंसाने सातवी-आठवीच्या पातळीवर उतरला.

शाळेत त्याचा दबदबा होता. गणिताचे ज्येष्ठ शिक्षक गणपती सुब्बय्यर यांच्याकडे साऱ्या शाळेचे वेळापत्रक बसवण्याचे किचकट काम असे. ते त्यांनी या विद्यार्थ्यावर सोपवले. घरी राहणाऱ्या महाविद्यालयीन मुलांना येत असलेले गणित त्याने आत्मसात करून टाकले. लोनी यांचे त्रिकोणमितीचे पुस्तक तेराव्या वर्षापर्यंत पचवले. त्रिकोणमितीतील काही संबंध त्याने स्वतः शोधून काढले; पण ऑयलर या गणितज्ञाने ते शंभरावर वर्षांपूर्वीच शोधले होते हे कळल्यावर त्याला इतका संकोच वाटला, की ते कागद त्याने घराच्या छपरात दडवून ठेवले. १९०२ मध्ये कोणीतरी त्याला घन समीकरण सोडवण्याची रीत दाखवली. त्यावरून चौथ्या घाताच्या समीकरणाची रीत त्याने आपली आपण बसवली. मग पुढच्या वर्षी तो पाचव्या घाताच्या मागे लागला. अशा समीकरणाला मुळे काढण्याची सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेलने १८२४ मध्ये सिद्ध केले होते. ते कुंभकोणमच्या मुलाला सांगणारे कोणी नव्हते.

१९०३ मध्ये मित्रांनी सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून त्याला एक पुस्तक आणून दिले. कार या लेखकाने परीक्षार्थींसाठी केलेला तो सूत्रांचा संग्रह होता: हजारो प्रमेये, एकाखाली एक मांडलेली, सिद्धता बहुधा नाहीच किंवा असली तर ओळी-दोन ओळींत उरकलेली. पुस्तक म्हणून ते नामवंत नव्हते. पण प्रत्येक सूत्र रामानुजनसाठी एक नवे कोडे झाले आणि एक सूत्र सोडवताना दुसरी चार सुचू लागली. या पुस्तकाने त्याला गणित दिले आणि एक सवयही दिली. निकाल तेवढा लिहायचा, वाट लिहायची नाही, ही ती सवय.

त्या सवयीला घरच्या गरिबीने खतपाणी घातले. कागद महाग होता. घराच्या ओट्यावर मांडी घालून, मांडीवर मोठी पाटी घेऊन तो आकडेमोड करी. फडके शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून कोपरानेच पाटी पुशी, आणि शेवटचे उत्तर तेवढे वहीत उतरवी. आईने हाक मारली तरी पुष्कळदा त्याला ऐकू जात नसे.

१९०४ मध्ये शाळा सोडताना त्याला गणिताचे रंगनाथ राव पारितोषिक मिळाले. शिष्यवृत्ती घेऊन तो कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात गेला. तेथे इंग्रजीच्या आणि इतिहासाच्या तासाला तो वहीत सूत्रे लिहीत बसे. परिणाम व्हायचा तोच झाला. गणिताखेरीज अन्य विषयांत तो घसरला आणि शिष्यवृत्ती गेली. फी भरणे घराला झेपणारे नव्हते. ऑगस्ट १९०५ मध्ये सतरा वर्षांचा हा मुलगा कोणाला न सांगता रेल्वेने विशाखापट्टणमला निघून गेला. १९०६ मध्ये मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयात त्याने पुन्हा नाव घातले. तेथे शरीरशास्त्राने दगा दिला. १९०६ आणि १९०७ अशी दोन वर्षे तो एफ. ए. परीक्षेत अनुत्तीर्ण झाला. पदवीचा मार्ग बंद झाला, आणि त्या काळी पदवीवाचून कारकुनीदेखील सहज मिळत नसे.

जुलै १९०९ मध्ये जानकी हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्या वेळच्या रूढीप्रमाणे वधू दहा वर्षांची होती. आता नोकरी शोधणे भाग होते. वह्या बगलेत मारून रामानुजन एकामागून एक दारे ठोठावू लागले. १९१० मध्ये ते तिरुकोइलूर येथे उपजिल्हाधिकारी व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे कारकुनाची जागा मागण्यासाठी गेले. अय्यर हे स्वतः गणिताचे व्यासंगी होते आणि १९०७ मध्ये स्थापन झालेली भारतीय गणित परिषद ही त्यांनीच उभी केलेली संस्था होती. परिषदेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रँग्लर र. पु. परांजपे तेथे प्राचार्य होते. अशा माणसाला वही दाखवणे म्हणजे योग्य सोनाराला सोने दाखवणे होते. या बुद्धीला महसूल खात्याच्या टेबलावर गाडून टाकणे अय्यर यांना रुचले नाही. त्यांनी नोकरी न देता मद्रासच्या मित्रांना पत्रे दिली. त्यांतून नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव यांची भेट झाली आणि त्यांनी काही काळ दरमहा २५ रुपये देऊन रामानुजनना निर्वेधपणे काम करू दिले.

परिषदेच्या नियतकालिकात वाचकांसाठी प्रश्न घालण्याची प्रथा होती. १९११ मध्ये रामानुजन यांनी तेथे एक प्रश्न घातला. एकच्या पुढे दोन गुणिले वर्गमूळ, त्या वर्गमुळाच्या आत एक अधिक तीन गुणिले वर्गमूळ, त्याच्या आत एक अधिक चार गुणिले वर्गमूळ, अशी न संपणारी मालिका, आणि या सगळ्यावर पुन्हा वर्गमूळ: √(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …)))). याची किंमत काय? काही महिने गेले, अंकामागून अंक निघाले; कोणाचेही उत्तर आले नाही. अखेर रामानुजन यांनीच ते दिले. उत्तर होते ३.

या चमत्काराच्या मुळाशी असलेली गोष्ट शाळकरी मुलालाही समजण्याजोगी आहे. क ही कोणतीही संख्या घेतली आणि तिच्या अलीकडची व पलीकडची अशा दोन संख्यांचा गुणाकार केला तर (क − १)(क + १) असे कंस होतात. वितरण गुणधर्माने ते सोडवले की क² + क − क − १ मिळते. मधली दोन पदे परस्परांना खाऊन टाकतात आणि क² − १ उरते. म्हणून कोणत्याही संख्येचा वर्ग हा तिच्या शेजाऱ्यांच्या गुणाकारापेक्षा एकाने मोठा असतो. तीनचा वर्ग १ + २ × ४. म्हणजे ३ = √(१ + २ × ४). आता त्यातील चारच्या जागी √(१ + ३ × ५) ठेवावे, पाचच्या जागी √(१ + ४ × ६), सहाच्या जागी √(१ + ५ × ७). पायऱ्या संपत नाहीत आणि रामानुजन यांची मालिका आपोआप उलगडत जाते.

येथे एक खाच मात्र आहे, आणि ती दडपून पुढे जाणे बरे नाही. नुसती मांडणीच पाहायची तर तीनच्या जागी चारही घालता येतात. ४ = √(१ + २ × ७.५), मग ७.५ चा वर्ग ५६.२५, त्यातून एक वजा करून तिनाने भागावे आणि जी संख्या येईल तिचे पुन्हा तसेच रूपांतर करावे. हीसुद्धा पायऱ्यांची न संपणारी रांग होते. मग त्या वर्गमुळांची किंमत चार नसून तीनच का? कारण अनंतापर्यंत जाताना आत उरलेल्या शेपटाचे काय होते, ते स्वतंत्रपणे तपासावे लागते. ते तपासले की तीन हेच उत्तर खरे ठरते. रामानुजन यांनी छापलेल्या उत्तरात ही तपासणी नव्हती. उत्तर अचूक होते. वाटेतील एक पायरी गाळलेली होती. त्यांचे सारे सामर्थ्य आणि त्यांची सारी अडचण या एका उदाहरणात दिसते.

१ मार्च १९१२ पासून ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांवर कारकून झाले. तेथील हिशेबनीस एस. नारायण अय्यर हे गणितप्रेमी होते, अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांचेही लक्ष होते. त्यांच्या प्रोत्साहनाने रामानुजन यांनी केंब्रिजच्या गणितज्ञांना पत्रे धाडली. दोघांकडून काही निष्पन्न झाले नाही. १६ जानेवारी १९१३ चे पत्र जी. एच. हार्डी यांना गेले. त्यात शंभराहून अधिक सूत्रे होती आणि सिद्धता जवळजवळ नव्हती. प्रथम हार्डींना ही थट्टा वाटली. त्या संध्याकाळी ते आणि त्यांचे सहकारी लिटलवूड सूत्रे घेऊन बसले. काही जुनी होती, काही चुकीची, पण काही अशी होती की ती खरी नसती तर कोणाला कल्पनेनेही रचता आली नसती. हार्डींनी उत्तर पाठवले आणि त्यात सिद्धता मागितल्या.

मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या या कारकुनाला दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. समुद्रपर्यटन धर्मबाह्य मानणाऱ्या घरात विलायतेला जाणे सोपे नव्हते. आईला कुलदेवता नामगिरीचा दृष्टान्त झाला आणि मगच तिची परवानगी मिळाली असे सांगतात. १७ मार्च १९१४ रोजी ते नेव्हासा बोटीने निघाले. चारच महिन्यांत महायुद्ध पेटले.

केंब्रिजमधील पाच वर्षांत हार्डींनी त्यांना सिद्धतेची शिस्त शिकवण्याचा प्रयत्न केला, आणि हे करताना झरा आटू नये याची काळजीही घेतली. शिक्षक म्हणून हार्डी येथे फार मोठे वाटतात. १९१६ मध्ये रामानुजनना संशोधनाबद्दल पदवी मिळाली. दोघांनी मिळून केलेले सर्वांत गाजलेले काम विभाजनांवरचे. चार ही संख्या ४, ३ + १, २ + २, २ + १ + १ आणि १ + १ + १ + १ अशा पाच प्रकारे लिहिता येते. दोनशे किती प्रकारे लिहिता येईल? उत्तर ३९,७२,९९,९०,२९,३८८ इतके प्रचंड आहे. असे प्रकार एकेक न मोजता जवळजवळ नेमके काढून देणारे सूत्र त्यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केले.

युद्धकाळातील टंचाई, कडक शाकाहार, थंडी आणि एकटेपणा यांनी प्रकृती पोखरली. १९१७ पासून रुग्णालयांच्या वाऱ्या सुरू झाल्या. भेटीला आलेल्या हार्डींच्या टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक नीरस नाही, दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे, हे त्यांनी अशाच एका आजारपणात सांगितले. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी ट्रिनिटी महाविद्यालयाचे फेलो निवडले गेले.

मद्रास विद्यापीठाने त्यांना वर्षाला २५० पौंड देऊ केले, तेव्हा जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी विद्यापीठाला एक पत्र लिहिले. आई-वडिलांना काही रक्कम द्यावी, आपला आवश्यक खर्च भागावा आणि उरलेले पैसे गरीब व अनाथ मुलांची फी आणि पुस्तके यांसाठी वापरावेत, अशी विनंती त्यात होती. फीअभावी महाविद्यालय सुटलेल्या माणसाची ही विनंती होती.

२७ मार्च १९१९ रोजी ते मुंबईच्या बंदरात उतरले. आई घ्यायला आली होती. हाडांचा सापळा झाला होता. मद्रास, कोडुमुडी, कुंभकोणम आणि पुन्हा मद्रास असे हवापालट झाले, गुण आला नाही. त्या वेळी क्षयाचे निदान झाले होते. पुढच्या काळात काही अभ्यासकांनी यकृताच्या आमांशजन्य विकाराची शक्यता मांडली. अंथरुणात पडून ते लिहीतच राहिले आणि जानेवारी १९२० मध्ये हार्डींना एका सर्वस्वी नव्या प्रकारच्या फलांबद्दल त्यांनी कळवले. जानकी कागद गोळा करून ठेवी. २६ एप्रिल १९२० रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वह्या उरल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ मध्ये त्या हस्ताक्षरासह दोन खंडांत छापल्या. १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांना ट्रिनिटीच्या ग्रंथालयात अखेरच्या वर्षातील सुट्या पानांचा गठ्ठा सापडला. त्यालाच हरवलेली वही म्हणतात. ब्रूस बर्न्ट यांनी वह्यांतील एकेका सूत्राची सिद्धता लिहायला घेतली. पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात निघाले. हरवलेल्या वहीसाठी अँड्र्यूज यांच्याबरोबर आणखी पाच खंड लागले, आणि त्यांतला शेवटचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कुंभकोणमच्या ओट्यावर जे कोपराने पुसले गेले होते, ते पुन्हा लिहून काढायला इतका काळ लागला.